शेवटच्या स्लॅशनंतरचा तुकडाच बदलायचा आहे, बाकीचं जसंच्या तसं

प्रश्न थोडक्यात असा. एका टेबलात जमिनीचे गट नंबर पोटहिश्शांसकट एकाच कॉलममध्ये आहेत: '११२/१/१', '११२/१/२', '४५/३', आणि अधूनमधून नुसता '७८'. काही पोटहिश्शांचे नंबर बदलले, म्हणून शेवटच्या स्लॅशनंतरचा तुकडा तेवढा बदलायचा आहे. विचारणाऱ्यांनी स्ट्रिंग स्प्लिट केली, शेवटचा तुकडा काढला आणि मूळ स्ट्रिंगवर रिप्लेस चालवून त्या तुकड्याच्या जागी नवा घातला. '४५/३' चं '४५/७' नीट झालं. '११२/१/१' मध्ये शेवटच्या १ चा २ करायला गेले तर पायथननं '२२२/२/२' दिलं. तोच कोड जावास्क्रिप्टमध्ये लिहिला तर '२१२/१/१' आलं. आता ते विचारतात, "रिप्लेसला फक्त शेवटचंच बदल असं कसं सांगायचं?"

सांगायला जाऊच नका. रिप्लेस मजकूर शोधतो, जागा शोधत नाही. पायथनचा रिप्लेस सापडतील तेवढे सगळे बदलतो. जावास्क्रिप्टच्या रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिली की तो डावीकडून पहिला सापडेल तेवढाच बदलतो. पायथनमध्ये किती वेळा बदलायचं हा आकडा देता येतो, पण तीही मोजणी डावीकडूनच होते. तुमचा घोळ असा की स्प्लिट केल्यावर शेवटचा तुकडा कुठे आहे हे तुमच्या हातात आलं होतं. ते टाकून देऊन तुकडा काय आहे एवढंच रिप्लेसला सांगितलंत, आणि '१' तर त्या स्ट्रिंगमध्ये चार ठिकाणी आहे.

जागेवर काम करा. (फंक्शनांची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.) कुठल्याही भाषेत कृती एकच:

जागा = शेवटच्या '/' चा इंडेक्स
डावी बाजू = सुरुवातीपासून जागेपर्यंत, स्लॅश धरून
उत्तर = डावी बाजू + नवा तुकडा

'११२/१/१' मध्ये शून्यापासून मोजलं तर शेवटचा स्लॅश पाचव्या इंडेक्सवर येतो. पहिली सहा अक्षरं, म्हणजे '११२/१/', तशीच राहतात आणि त्यापुढे '२' लागतो. जुना तुकडा काय होता हे या कृतीला माहीतही नसतं, त्यामुळे तो आणखी कुठे आला आहे का हा प्रश्नच उरत नाही. जावा, जावास्क्रिप्ट आणि सी-शार्प या तिघांत हे काम लास्ट-इंडेक्स-ऑफ करतो, पीएचपीत एस-टी-आर-आर-पॉस, गोमध्ये स्ट्रिंग्ज पॅकेजमधला लास्ट-इंडेक्स. पायथनमध्ये आर-फाइंड आहे, पण तिथे बहुतेक लोक आर-पार्टिशन किंवा आर-स्प्लिट वापरतात. या दोघांकडे पुढे येतोच.

स्प्लिट करून यादीतला शेवटचा घटक बदलायचा आणि पुन्हा जॉइन करायचं, हेही बरोबर आहे. उद्या शेवटून दुसरा तुकडा बदलायची वेळ आली तर तेच सोयीचं पडतं. फक्त जावात जरा सांभाळा. जावाचा स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे गुपचूप टाकून देतो. '११२/१/' चे तीन तुकडे व्हायला हवेत, तिसरा रिकामा, पण जावा दोनच देतो आणि तुम्ही भलताच तुकडा बदलता. दुसऱ्या पॅरामीटरमध्ये उणे एक दिलात की तिन्ही मिळतात. शिवाय जावाचा स्प्लिट रेजेक्स (मजकुराचा नमुना सांगणारा पॅटर्न) घेतो. डिलिमिटर (तुकडे वेगळे करणारं चिन्ह) टिंब असेल आणि ते एस्केप केलं नसेल, म्हणजे आधी उलटा स्लॅश लावला नसेल, तर रेजेक्समध्ये टिंबाचा अर्थ 'कुठलंही अक्षर' असल्यानं प्रत्येक अक्षर डिलिमिटर ठरतं, सगळे तुकडे रिकामे होतात, रिकामे म्हणून टाकले जातात आणि हातात शून्य घटकांचा अ‍ॅरे येतो. उभी रेघ दिली तर अक्षर न् अक्षर सुटं होतं. जावास्क्रिप्टच्या स्प्लिटमधली मर्यादाही पायथनसारखी नाही. पायथन उरलेला भाग शेवटच्या तुकड्यात जपून ठेवतो, जावास्क्रिप्ट मर्यादेपलीकडचं सगळं फेकून देतो.

इथपर्यंतचं कुठेही वाचायला मिळेल. तुमच्या डेटात खरा धोका आहे तो '७८' चा, ज्यात स्लॅशच नाही.

स्लॅश नसेल तर काय करायचं, याचं उत्तर कोडनं द्यायचं नसतं, तुम्ही द्यायचं असतं. तीन पर्याय आहेत. हात लावायचा नाही, '७८' तसाच राहील. पूर्ण स्ट्रिंगच शेवटचा तुकडा धरायची, मग '७८' जाऊन नुसता '२' उरेल. किंवा पोटहिस्सा जोडायचा, म्हणजे '७८/२'. गट नंबरांच्या बाबतीत मी डोळे मिटून पहिला पर्याय घेईन आणि अशा ओळींची वेगळी यादी काढेन. पण तुम्ही ठरवलं नाहीत तर भाषा तुमच्यासाठी ठरवते, आणि प्रत्येक फंक्शन वेगळं ठरवतं.

पायथनमधली गंमत पाहा. आर-पार्टिशन तीन गोष्टी परत देतो: डावी बाजू, डिलिमिटर, उजवी बाजू. डिलिमिटर सापडला नाही तर पहिल्या दोन रिकाम्या येतात आणि पूर्ण स्ट्रिंग उजवीकडे जाते. डावी बाजू, डिलिमिटर आणि नवा तुकडा जोडला की '७८' चा '२' होतो. आर-स्प्लिटला एकदाच तोड म्हटलं आणि डिलिमिटर सापडला नाही, तर यादीत पूर्ण स्ट्रिंग हा एकच घटक येतो. त्याचा पहिला घटक घेऊन पुढे '/' आणि नवा तुकडा लावला की '७८/२' होतो. एकाच भाषेतली दोन जुळी वाटणारी फंक्शनं, पहिलं गट नंबर पुसून टाकतं, दुसरं नसलेला पोटहिस्सा जन्माला घालतं, आणि एरर दोघांपैकी कुणीच देत नाही. कोड रिव्ह्यूत कुणी आर-पार्टिशनच्या जागी आर-स्प्लिट सुचवला तर तो निव्वळ आवडीनिवडीचा मुद्दा नसतो, हे लक्षात असू द्या.

जावास्क्रिप्टमध्ये लास्ट-इंडेक्स-ऑफला काही सापडलं नाही की उणे एक येतं. शून्यापासून 'जागा अधिक एक' पर्यंत स्लाइस केलात तर तो शून्य ते शून्य होतो, म्हणजे रिकामी डावी बाजू, आणि '७८' जाऊन '२' उरतो. शून्यापासून 'जागा' पर्यंत स्लाइस करून स्लॅश हातानं जोडलात तर उणे एकचा अर्थ 'शेवटचं अक्षर सोडून' असा लागतो, '७८' मधला ८ गळतो आणि '७/२' तयार होतं. या सगळ्यांत मला जावा सज्जन वाटते. तीही उणे एक देते, पण ते शेवट म्हणून सबस्ट्रिंगला दिलंत की सरळ एक्सेप्शन फेकते. रात्री जॉब पडला तर शिव्या बसतात, पण '७/२' असा नसलेला गट टेबलात जाऊन बसण्यापेक्षा ते बरं. (स्लॅश धरून कापायला 'जागा अधिक एक' लिहिलंत की तिथेही शून्य होतं आणि ही सज्जनता संपते.)

म्हणून जागा काढल्यावर पुढची ओळ 'सापडली नाही तर' हीच लिहा. पीएचपीत ती तीन बरोबरच्या चिन्हांनी तपासा. तिथे न सापडल्यास फॉल्स येतं आणि स्लॅश पहिल्याच अक्षरावर असेल तर शून्य येतं. दोन बरोबरच्या चिन्हांना हे दोन्ही सारखेच.

शेवटी लोंबणारा स्लॅश हाही ठरवण्याचाच विषय. '११२/१/' मधला शेवटचा तुकडा रिकामा की '१'? यूआरएलमध्ये लोक बहुधा तो स्लॅश सोडून विचार करतात. गट नंबरात मात्र तो डेटा एंट्रीतली चूक असण्याचीच शक्यता जास्त. तो आपणहून कापू नका, बाजूला काढून कुणाला तरी दाखवा.

आता रेजेक्स, कारण कुणीतरी हा एक ओळीचा उपाय सुचवणारच: `[^/]*$`. म्हणजे शेवटाला टेकलेली, स्लॅश नसलेली जेवढी अक्षरं आहेत तेवढी. पॅटर्न सुटसुटीत आहे, डिलिमिटर कंसात असल्यानं टिंबसुद्धा एस्केप करावं लागत नाही. पण हाच पॅटर्न 'सगळे बदला' प्रकारच्या फंक्शनला दिलात तर '११२/१/१' चं '११२/१/२२' होतं. आधी शेवटचा '१' जुळतो आणि त्याचा '२' होतो. मग इंजिन स्ट्रिंगच्या टोकाला उभं असताना पाहतं की इथे शून्य अक्षरंही पॅटर्नला चालतात, कारण तारकेला शून्य मंजूर आहे. म्हणून तिथे आणखी एक '२'. जावाचा रिप्लेस-ऑल असं करतो, ग्लोबल फ्लॅग लावलेला जावास्क्रिप्टचा रिप्लेस असं करतो, आणि पायथनचा री-सब २०१८ मध्ये आलेल्या ३.७ पासून असं करू लागला. त्याआधी करत नव्हता, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर नेल्यावर एकाएकी दुप्पट आकडे दिसू लागले तर इथे पाहा. गोची रेजेक्स लायब्ररी आधीच्या जुळणीला चिकटलेली रिकामी जुळणी मोजत नाही, तिथे हा त्रास नाही. पोस्टग्रेसचा रेजेक्स-रिप्लेस वेगळा फ्लॅग न दिल्यास पहिलीच जुळणी बदलतो, म्हणून तिथेही सुटका.

तारकेऐवजी अधिक चिन्ह घाला, `[^/]+$`, आणि दुप्पट होणं थांबतं. मग लोंबता स्लॅश असलेली स्ट्रिंग जुळतच नाही आणि जशीच्या तशी राहते, जे आपल्याला हवंच आहे. '७८' मात्र पूर्ण जुळतो आणि पुसला जातो. तो वाचवायचा तर स्लॅश पॅटर्नमध्ये घ्या, `/[^/]+$`, आणि बदलीत स्लॅश परत लिहा.

दुसरी वाट ग्रुपची, म्हणजे पॅटर्नमधल्या गोल कंसातल्या भागाची: `^(.*/)[^/]+$` आणि बदलीत 'ग्रुप एक' व त्यापुढे नवा तुकडा. नवा तुकडा इंग्रजी अंकांत असेल तर पायथनमध्ये ठेच लागते. उलट्या स्लॅशनंतरचा १ आणि त्याला चिकटलेला २ मिळून 'ग्रुप बारा' असा अर्थ लागतो आणि असा ग्रुप नाही म्हणून एरर येते. त्यासाठी कंसात ग्रुप लिहिण्याची वेगळी पद्धत आहे ती वापरा. नवा तुकडा वापरकर्त्याकडून येणार असेल तर त्यात डॉलर किंवा उलटा स्लॅश असू शकतो, आणि बदलीच्या मजकुरात त्यांना खास अर्थ आहे. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हीकडे बदलीच्या जागी फंक्शन देता येतं. ते मजकूर जसाच्या तसा ठेवतं.

शेवटचा आकडाच बदलायचा म्हणून उलटा स्लॅश आणि डी, म्हणजे 'कुठलाही अंक', असा पॅटर्न लिहिणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. पायथन ३ मध्ये तो पॅटर्न '१' पासून '९' पर्यंतचे देवनागरी अंकही ओळखतो. जावास्क्रिप्टमध्ये आणि जावाच्या नेहमीच्या मोडमध्ये तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. एकाच फाइलवर एकीकडे सगळं बदललं आणि दुसरीकडे काहीच नाही, असं झालं तर बग शोधत बसू नका, अंकांची लिपी पाहा.

रेजेक्सच्या वेगाबद्दल गट नंबरांना चिंता नाही, पण लांब ओळींवर हीच युक्ती वापरणार असाल तर आहे. टोकाला टेकलेला पॅटर्न बहुतेक इंजिनं डावीकडूनच शोधत येतात. एका जागेवरून सुरू करायचं, स्लॅश येईपर्यंत धावायचं, टोक आलं नाही म्हणून माघारी यायचं, मग पुढच्या अक्षरापासून तेच पुन्हा. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली ती अशाच पॅटर्नमुळे. ओळीच्या टोकाची मोकळी जागा कापणारा साधा रेजेक्स होता, आणि एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० स्पेस होत्या, पण ओळीच्या टोकाला नव्हत्या. तपासण्या जवळपास २० कोटींवर गेल्या. लास्ट-इंडेक्स-ऑफ थेट उजवीकडून शोधतो, त्याला हे दुखणं नाही. एका अक्षराच्या डिलिमिटरसाठी मी रेजेक्सकडे जात नाही, त्याचं हेही एक कारण.

तुमचा डेटा टेबलात आहे, तेव्हा बहुधा हे काम एसक्यूएलमध्येच होणार. आणि तिथे देवनागरीचा खास सापळा आहे.

मायएसक्यूएलमध्ये सबस्ट्रिंग-इंडेक्सला उणे एक दिलं की शेवटचा तुकडा मिळतो. डावी बाजू काढायला लोक पूर्ण लांबीतून या तुकड्याची लांबी वजा करतात आणि तेवढी अक्षरं लेफ्टनं घेतात. विचार बरोबर आहे, पण लांबीसाठी लेंग्थ हे फंक्शन वापरलंत तर ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. लेफ्ट मात्र अक्षरं मोजतो. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. '११२/१/१' मध्ये पाच अंक आणि दोन स्लॅश, म्हणजे सात अक्षरं पण १७ बाइट. शेवटचा '१' तीन बाइटांचा. १७ वजा ३ म्हणजे १४. लेफ्टला चौदा अक्षरं मागितली, स्ट्रिंग सातच अक्षरांची, म्हणून त्यानं पूर्ण स्ट्रिंग दिली. पुढे '२' जोडला आणि '११२/१/१२' तयार झालं. इंग्रजी अंकांवर टेस्ट केली तर हे बिनचूक चालतं. देवनागरीवर चालवलं की एकही एरर न येता बारा नंबरचा पोटहिस्सा उगवतो. लेंग्थच्या जागी कॅर-लेंग्थ लिहा, एवढाच उपाय.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये शेवटून शोधणारं सरळ फंक्शन नाही, म्हणून रिव्हर्स करून त्यात कॅर-इंडेक्सनं पहिला स्लॅश शोधतात आणि लेन वजा ती जागा अधिक एक इतकी अक्षरं डावीकडून घेतात. '११२/१/१' उलटा केला की स्लॅश दुसऱ्या जागी येतो, ७ वजा २ अधिक १ म्हणजे ६, म्हणजे '११२/१/'. बरोबर. पण '७८' मध्ये कॅर-इंडेक्स शून्य देतो, २ वजा ० अधिक १ म्हणजे ३ अक्षरं, म्हणजे पूर्ण '७८', आणि पुढे '२' चिकटून '७८२'. सातशे ब्याऐंशी नंबरचा गट त्या गावात खरोखर असला तर ही चूक कधीच कुणाच्या लक्षात येणार नाही. अपडेटच्या व्हेअरमध्ये 'स्लॅश असलेल्याच ओळी' ही अट हवीच. कॉलम एन-व्हारकॅर असू द्या आणि लिटरलच्या (क्वेरीत अवतरणांत लिहिलेल्या स्ट्रिंगच्या) आधी एन लावा, नाहीतर देवनागरी अंकांची प्रश्नचिन्हं होतील. रिव्हर्सचा उपयोग फक्त जागा शोधायला करा. उलटी केलेली मराठी स्ट्रिंग दाखवायला किंवा साठवायला कामाची नसते, वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटतात.

पोस्टग्रेसमध्ये चौदाव्या आवृत्तीपासून स्प्लिट-पार्टला उणे क्रमांक चालतो, शेवटचा तुकडा वाचायला तो उत्तम. बदलायला वरचा रेजेक्स पुरे.

एक्सेलमध्ये करणार असाल आणि नवी आवृत्ती असेल, तर टेक्स्ट-बिफोरला डिलिमिटरनंतर उणे एक द्या आणि मागे स्लॅश व नवा तुकडा जोडा. '७८' वर तो एन-ए ही एरर दाखवतो, गप्प बसत नाही, म्हणून मला आवडतो. जुन्या एक्सेलमध्ये सबस्टिट्यूटची कसरत आहे: मूळ लांबीतून स्लॅश काढलेल्या स्ट्रिंगची लांबी वजा केली की स्लॅश किती ते कळतं, मग तितक्याव्या स्लॅशच्या जागी एखादं न वापरलेलं चिन्ह घालायचं आणि फाइंडनं त्या चिन्हाची जागा काढायची.

टर्मिनलवरच काम असेल तर शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे `%/*` लिहिलं की शेवटच्या स्लॅशपासून पुढचं गळतं. दोन टक्के चिन्हं घातलीत तर पहिल्या स्लॅशपासूनचं सगळं जातं आणि '११२' एवढंच उरतं. ऑकमध्ये (ओळी फील्डांत तोडणारं टर्मिनलवरचं साधन) शेवटचं फील्ड बदलणं सोपं आहे, पण बदल झाला की ऑक ओळ नव्यानं जोडतो आणि जोडताना आउटपुटचा डिलिमिटर वापरतो, जो वेगळा न सांगितल्यास स्पेस असतो. मग '११२ १ २' येतं. दोन्ही डिलिमिटर सांगा. फाइल विंडोजमधून आली असेल तर शेवटच्या तुकड्याच्या टोकाला न दिसणारं कॅरेज-रिटर्न असतं, आणि 'शेवटचा तुकडा १ आहे का' ही तुलना कायम नापास होते.

काही स्ट्रिंगांना डिलिमिटर असतो, पण त्या केवळ डिलिमिटरनं बनलेल्या नसतात. फाइलचं एक्स्टेन्शन शेवटच्या टिंबापासून बदललंत आणि पाथ 'आवृत्ती-१.२/सूचना' असा असेल, तर फाइलला एक्स्टेन्शनच नसल्यानं शेवटचं टिंब फोल्डरच्या नावात सापडतं आणि पाथ मधूनच कापला जातो. पाथसाठी पायथनची पाथलिब किंवा तुमच्या भाषेतली तशी लायब्ररी घ्या. आयपी अ‍ॅड्रेसचा शेवटचा आकडा शून्य करून ओळख पुसण्याची पद्धत आहे, '१९२.०.२.४५' चा '१९२.०.२.०'. आयपी आवृत्ती ६ मध्ये मात्र लागोपाठच्या शून्यांऐवजी जोडकोलन लिहितात, त्यामुळे कोलननं तोडून मिळालेला शेवटचा तुकडा नेमका कितवा हे स्ट्रिंगवरून थेट कळत नाही. गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी आयपी झाकण्याची सोय आवृत्ती ४ मध्ये शेवटचा आकडा आणि आवृत्ती ६ मध्ये शेवटचे ८० बिट शून्य करायची. बिटांवर काम करायचं असेल तर आधी पार्स करावंच लागतं. अवतरणांत स्वल्पविराम असलेल्या सीएसव्हीचंही तेच.

डिलिमिटर खरोखर एकच आहे ना, हेही एकदा पाहून घ्या. हातानं भरलेल्या मराठी डेटात उभ्या रेघेच्या जागी दंड '।' हमखास सापडतो, दिसायला तोच पण वेगळं चिन्ह. वर्डमधून आलेल्या मजकुरात साध्या हायफनची '–' अशी लांब रेघ झालेली असते. स्लॅश आणि हायफन सोडून आणखी कुठली विरामचिन्हं कॉलममध्ये आहेत, ही एक क्वेरी आधी चालवा. देवनागरी मजकुरात साधा स्लॅश बाइट पातळीवर शोधला तरी मधूनच अक्षर तुटण्याची भीती नाही. यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइटांच्या चिन्हातला कुठलाही बाइट साध्या आस्की चिन्हासारखा नसतो.

आता तुमचा खरा अपडेट. पोटहिश्शांचे नंबर सरकले आहेत म्हणता, म्हणजे '११२/१/१' चा '११२/१/२' आणि आधीच्या '११२/१/२' चा '११२/१/३'. हे दोन वेगवेगळ्या अपडेटांनी या क्रमानं केलंत तर पहिल्यानं १ चे २ होतील आणि दुसऱ्यानं ते नवे २ सुद्धा ३ होतील. दोन हिस्से एकाच नंबरवर. उलट्या क्रमानं केलं तर सरळ साखळी निभावते, पण नंबरांची अदलाबदल असेल तर तेही नाही. त्यापेक्षा जुना पूर्ण नंबर आणि नवा पूर्ण नंबर असे दोन कॉलम असलेलं छोटं टेबल करा, वरच्या कोडनं नवा नंबर तिथे भरा, आणि मुख्य टेबल त्याच्याशी जोडून एकाच स्टेटमेंटमध्ये अपडेट करा. एकच स्टेटमेंट असलं की प्रत्येक ओळ जुन्या नंबरावरच जुळते. कॉलमवर युनिक बंधन असेल तर मायएसक्यूएल, आणि बंधन डिफरेबल (तपासणी पुढे ढकलता येणारं) नसेल तर पोस्टग्रेससुद्धा, ओळ ओळ बदलतानाच ते तपासतो आणि मध्येच थांबतो. तेव्हा नवा नंबर आधी वेगळ्या कॉलममध्ये लिहा, त्यावर ग्रुप-बाय करून एकच नंबर दोनदा आला का ते पाहा, मग कॉलम बदला. त्या छोट्या टेबलाचा दुसरा फायदा म्हणजे ते छापून माहितगार माणसासमोर ठेवता येतं. कोड त्यांना दाखवून उपयोग नाही.

हे काम दर काही महिन्यांनी येणार असेल तर गट, हिस्सा आणि पोटहिस्सा असे तीन कॉलम करा आणि स्लॅशवाला नंबर फक्त दाखवताना जोडा.

अपडेटच्या आधी एक चाळणी मात्र लावाच. तुमची यादी कधीतरी एक्सेलमधून गेली असेल तर इंग्रजी अंकांत टाइप केलेल्या '५/२' ची तिथे तारीख झालेली असू शकते, आणि सेलचा तारखेचा फॉरमॅट तसा असेल तर सीएसव्ही काढताना ती '०५/०२/२०२४' अशी बाहेर पडते. यात दोन स्लॅश आहेत, लोंबता स्लॅश नाही, मोकळी जागा नाही. वरचा कुठलाही कोड बिनतक्रार '०५/०२/७' करून देईल. शेवटचा तुकडा चार अंकी आणि १९ किंवा २० नं सुरू होणारा असलेल्या सगळ्या ओळी आधी बाजूला काढा. तारखेतलं साल एक्सेलनं स्वतः घातलेलं असतं, आणि मूळ '५/२' होतं की '०५/०२' की '५-२' हे आता त्या फाइलमधून परत मिळत नाही. मूळ नोंदीवरून पुन्हा भरावं लागेल, आणि या वेळी कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅटचा करून मग.